औषधांचे किरणोत्सर्गी अंकन

औषध शरीरात कोठे पोहोचते व तेथे किती वेळ राहते, हे बाहेरून पाहता यावे म्हणून त्यात अल्प किरणोत्सर्गी (भेदक किरण बाहेर टाकणारे) द्रव्य समाविष्ट करण्याची क्रिया. या कल्पनेचे मूळ जी. हेवेशी यांच्या १९२३ मधील प्रयोगात आढळते. वनस्पतींनी शोषलेल्या शिशाचा माग त्यांनी शिशाच्याच किरणोत्सर्गी समस्थानिकाने (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या प्रकाराने) काढला. तेथे खूण व वस्तू रासायनिक दृष्ट्या एकच होती. औषधांच्या बाबतीत ही सोय क्वचितच लाभते. कार्बन–११ औषधाच्या रेणूतील साध्या कार्बनाची जागा घेऊ शकतो. पण त्याचे अर्धायुष्य (क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणारा काळ) अवघे २० मिनिटे असल्याने सावकाश विरघळणाऱ्या गोळीच्या अभ्यासास तो निरुपयोगी ठरतो.

गॅमा कॅमेऱ्यास सर्वांत सोयीचे असलेले टेक्नेशियम–९९एम (अर्धायुष्य ६ तास) सामान्य औषधांच्या रेणूत नसतेच. ते औषधाच्या सोबतीला धाडावे लागते. १९८१ मध्ये एस. पी. न्यूमन व त्यांच्या लंडनमधील सहकाऱ्यांनी दम्यावरील औषधासारख्या दाबयुक्त फवाऱ्यात या समस्थानिकाने अंकित केलेले टेफ्लॉनचे कण वापरले. मात्रेपैकी सरासरी ९ टक्केच भाग फुप्फुसांत गेला व सुमारे ८० टक्के तोंडात राहिला. मात्र मोजले गेले ते टेफ्लॉन, औषध नव्हे. पुढे प्रत्यक्ष औषधच अंकित करण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांत कणांची आकारमानानुसार विभागणी करणाऱ्या उपकरणात मूळ औषध, अंकित औषध व किरणोत्सर्ग या तिन्हींची वाटणी जुळते की नाही हे आधी तपासतात. न जुळल्यास मिळणारे चित्र कितीही स्पष्ट असले, तरी ते औषधाचे नसते.

गोळ्यांसाठी जी. ए. डायजेनिस यांनी अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात वेगळा मार्ग विकसित केला. स्थिर सॅमॅरियम–१५२ निर्मितीच्या वेळीच मिसळून तयार गोळीवर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा केला की, सॅमॅरियम–१५३ (अर्धायुष्य सुमारे ४६ तास) निर्माण होते. त्यामुळे गोळ्या बनविणाऱ्यांना किरणोत्सर्गी द्रव्य हाताळावे लागत नाही. तथापि पूरक द्रव्यांतील सोडियमही किरणोत्सर्गी बनते आणि माऱ्याने गोळीचे विरघळणे बदलू शकते. म्हणून मारा केलेल्या व न केलेल्या गोळ्यांची तुलना अपरिहार्य असते.

अशा अंकनाने जुने अंदाज मोडले. नॉटिंगहॅम येथील एस. एस. डेव्हिस प्रभृतींनी १९८६ मध्ये दाखविले की, द्रव, सूक्ष्म गुटिका वा अखंड गोळी यांपैकी काहीही घेतले, तरी लहान आतड्यातील प्रवासास सुमारे ३ तासच लागतात. बारा तास औषध सोडणाऱ्या गोळीचे बरेचसे कार्य त्यामुळे मोठ्या आतड्यात होते, आणि तेथे न शोषले जाणारे औषध वाया जाते.