‘ता’ कोणत्या शब्दाचा?

आयर्लंडचे संत पॅट्रिक आयरिश नव्हते. ते रोमन ब्रिटनमधले. पाचव्या शतकातल्या ‘कन्फेसिओ’ या लॅटिन आत्मनिवेदनात त्यांनी वडिलांचं गाव सांगितलं आहे: ‘बन्नावेम ताबुर्निए’. तिथल्याच मळ्यातून, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, चाच्यांनी त्यांना पळवून आयर्लंडला नेलं.

या नावाचं गाव मात्र कुठल्याही नकाशावर सापडत नाही.

जुन्या हस्तलिखितांत शब्द अनेकदा सलग लिहिलेले असत; नक्कल करणारा ते आपल्या समजुतीने तोडी. म्हणून अभ्यासकांनी ‘ता’ उचलून आधीच्या शब्दाला जोडला, तर ‘बन्नावेंता’ झालं! ‘वेंता’ ओळखीचा आहे. आजच्या विंचेस्टरचं रोमन नाव ‘वेंता बेल्गारुम’, आणि वेल्समधल्या केरवेंटमध्ये तो शब्द अजून जिवंत आहे.

बन्नावेंता नावाचं ठाणं नॉर्थॅम्प्टनशरमध्ये होतंही. पण ते इंग्लंडच्या ऐन मध्यात. समुद्रावरून येणारे चाचे तिथवर कसे पोचणार?

मग उरतो नुसता ‘बन्ना’. विल्टशरमध्ये 1725 साली सापडलेल्या ब्राँझच्या पेल्याच्या काठावर उत्तर इंग्लंडमधल्या रोमन हेड्रियनच्या भिंतीलगतच्या ठाण्यांची नावं कोरली आहेत, त्यांत ‘बन्ना’ आहे. ते ठाणं म्हणजे आजचं बर्डोस्वाल्ड. केल्टिक ‘बन्ना’ म्हणजे शिंग, सुळका. आणि हे ठाणं इर्थिंग नदीवर झुकलेल्या डोंगरसोंडेवरच वसलं आहे. पश्चिम किनाराही फार लांब नाही.

स्कॉटलंड आणि वेल्सही या संतावर हक्क सांगतात. पुरावा निर्णायक नाही, तरी काही अभ्यासकांचं पारडं बर्डोस्वाल्डकडे झुकतं.