हौदांतील क्लोरीनची परीक्षा

पोहण्याच्या हौदाजवळ जातांच डोळे झोंबविणारा उग्र वास आला, म्हणजे "आज औषध फार पडलेलें दिसतें," असा शेरा हमखास ऐकूं येतो. वस्तुस्थिति पुष्कळदां नेमकी उलट असते. परंतु तें मोजून ओळखण्याची विद्या सिद्ध होण्यास बरींच वर्षें जावीं लागलीं.

अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाच्या हौदांत १९१० च्या सुमारास ब्लीचिंग पावडर घालून पाणी जंतुरहित करण्याचा प्रयोग झाला. पावडर घालणें सोपें. किती घालावी, हा प्रश्न बिकट. पाण्यांतील मळ प्रथम क्लोरीन गिळून टाकतो, आणि त्याची भूक भागल्यावर जो उरेल तोच जंतुनाशास उपयोगी पडतो. ही भूक डोळ्यांना दिसावी अशी युक्ति ब्रिटिश लष्करांतील वैद्य विल्यम हॉरॉक्स यांनीं योजली. सहा पांढऱ्या पेल्यांत तेंच पाणी घ्यावयाचें. पावडरच्या द्रावणाचा पहिल्यांत एक थेंब, दुसऱ्यांत दोन, असे चढत्या क्रमानें थेंब टाकावयाचे. अर्ध्या तासानंतर आयोडाइड व स्टार्च यांचें मिश्रण घालावयाचें. निळा रंग प्रथम तिसऱ्या पेल्यांत उमटला, तर ४५५ लिटर पाण्यास सहा ग्रॅम पावडर हवी. भारतांतील वैद्यकाचे विद्यार्थी विहिरींसाठीं ही पेटी अद्यापहि शिकतात.

विहिरीपेक्षां हौदाची स्थिति अवघड. (महाराष्ट्रांत विहिरींतहि मुलें सूर मारतात, तो भाग निराळा.) पोहणाऱ्यांच्या घामामूत्रांतील नत्रयुक्त द्रव्यांशीं क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइनें बनतात. तो उग्र वास त्यांचा. आणि जंतु मारण्याच्या कामीं तीं फार मंद. फेल्प्स यांनीं १९०९ मध्यें सुचविलेलें ऑर्थोटोलिडीन हें रसायन उरलेल्या क्लोरीननें पिंवळें होई. पण तें क्लोरामाइनांनींहि पिंवळें होई! रखवालदार रंग पाहून निश्चिंत, आणि पाणी मात्र अरक्षित.

१९३९ मध्यें ग्रिफिन यांनीं दाखविलें कीं, अमोनियायुक्त पाण्यांत क्लोरीन वाढवीत गेल्यास शिल्लक प्रथम चढते, मग घसरते आणि पुन्हां चढूं लागते. त्या घसरणींत क्लोरामाइनें मोडतात. पुढील चढ मोकळ्या क्लोरीनचा. अर्थात् वास आला असतां औषध कमी न करतां बहुधा वाढवावें लागतें.

दोन्हींचा भेद सुलभपणें सांगणारी परीक्षा इंग्लंडांत पेलिन यांनीं १९५७ मध्यें दिली. डीपीडी नांवाचें द्रव्य मोकळ्या क्लोरीननें तत्काळ गुलाबी होतें. नंतर पोटॅशियम आयोडाइड टाकल्यावर जो रंग अधिक गडद होतो, तो संयुक्त क्लोरीनचा. हा दुसरा भाग वाढूं लागला कीं उपायाची वेळ आली. अमेरिकन आरोग्यखात्याच्या सूचनेनुसार मोकळा क्लोरीन दशलक्ष भागांत निदान एक भाग असावा. कडक ऊन क्लोरीनला विघटित करतें आणि गर्दी त्याला खाऊन टाकते. म्हणून सकाळीं गुलाबी दिसलेलें पाणी दुपारीं पुन्हां तपासावें लागतें.