नाशिकची पोलीस-शाळा

नाशिक म्हटलें कीं गोदेचे घाट, पंचवटी आणि सिंहस्थ हींच प्रथम मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें येतात. परंतु त्र्यंबकच्या रस्त्यावर याच नगरांत आणखी एक संस्था उभी आहे. महाराष्ट्रांतील फौजदारांच्या अनेक पिढ्या तिच्या कवायतीच्या मैदानावरून बाहेर पडल्या. ती संस्था म्हणजे महाराष्ट्र पोलीस अकादमी होय. पोलीस हा कोणाचा चाकर, सरकारचा कीं लोकांचा, हा प्रश्न तिच्या इतिहासांत आरंभापासून गुंतलेला आहे.

लंडन शहरांत १८२९ सालीं रॉबर्ट पील यानें उभारलेलें दल नागरी स्वरूपाचें होतें. त्याच्या हातीं बंदूक नव्हती. हिंदुस्थानांत मात्र आयर्लंडचा नमुना आला. १८४३ मध्यें सिंध जिंकल्यावर सर चार्ल्स नेपियर यानें तेथील पोलीस आयर्लंडांतील सशस्त्र दलाच्या धर्तीवर उभे केले, आणि पुढें मुंबई इलाख्यानें त्यांचाच कित्ता गिरविला. जिंकलेला मुलूख ताब्यांत ठेवणें हा या व्यवस्थेचा मूळ हेतु होता.

त्याचीं फळें लवकरच दिसूं लागलीं. सारावसुलीसाठीं व गुन्ह्याच्या तपासांत रयतेचा छळ होतो, असें मद्रास इलाख्यांतील १८५५ च्या चौकशींत उघडकीस आलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तर स्पष्टच लिहिलें गेलें कीं, पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येणार नाहीं. ज्या सरकारनें पोलीस नेमले, त्याच सरकारच्या कायद्यानें त्यांच्या शब्दावर एवढा अविश्वास दाखवावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

लॉर्ड कर्झन याच्या कारकीर्दींत १९०२ सालीं सर अँड्र्यू फ्रेझर याच्या अध्यक्षतेखालीं पोलीस कमिशन बसलें. पोलीस खातें अकार्यक्षम असून त्याचें शिक्षण सदोष आहे, व लोक त्यास लांचखाऊ आणि जुलमी समजतात, असा कमिशननें निर्वाळा दिला. शिकलेल्या तरुणांस सरळ फौजदार नेमावें आणि त्यांच्या शिक्षणासाठीं शाळा काढाव्या, अशी शिफारस झाली. त्यानंतर १९०६ मध्यें पुण्याजवळ भांबुर्ड्यास पोलीस-शाळा निघाली, व १९०९ मध्यें ती नाशकास आली.

तें वर्ष नाशकाच्या इतिहासांत निराळ्याच कारणानें गाजलें. २१ डिसेंबर रोजीं विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढील एप्रिलांत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली. जॅक्सन हा संस्कृताचा जाणता होता. पण व्यक्तीच्या विद्वत्तेनें परसत्तेचें स्वरूप पालटत नाहीं. अशा नगरांत कायदा शिकणाऱ्या देशी तरुणास स्वकीयांवरच पाळत ठेवण्याची पाळी येई. शाळा कितीही चांगली असली, तरी हा पेंच तिला सोडवितां येण्यासारखा नव्हता.

तो पेंच १९४७ मध्यें सुटला. शिक्षणाचें काम मात्र संपलें नाहीं. आज महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें निवडलेले उपनिरीक्षक नाशकास येतात. १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. तरी कबुलीजबाबाविषयींचा तो नियम त्याच्या २३ व्या कलमांत कायम आहे. परक्या राज्यांतला हा अविश्वास स्वराज्याच्या विधिमंडळानेंही काढून टाकलेला नाहीं. सज्जनांचें रक्षण आणि दुष्टांचा निग्रह हें महाराष्ट्र पोलिसांचें ब्रीद आहे. तें किती खरें उतरलें, याची परीक्षा कवायतीच्या मैदानावर होत नाहीं. गरीब माणूस फिर्याद घेऊन चौकीची पायरी निर्धास्तपणें चढतो कीं नाहीं, यावरून ती होते.