लंगडीचे माप

धानकापणी आटोपली की नवेगाव बांधच्या परिसरात, साऱ्या झाडीपट्टीतच, कबड्डीची मैदाने आखली जातात. चढाई करणारा झटक्यात वळतो, पाऊल जमिनीत रुतते आणि गुडघा पिळतो. एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक महिन्यांचा व्यायाम. मग मुलगा विचारतो, ‘सर, आता खेळू?’

याचे उत्तर पूर्वी कॅलेंडर पाहून दिले जाई. 1967 साली हिस्लॉप आणि पेरिन यांनी, पाय ठरावीक वेगानेच हलू देऊन स्नायूचा जोर मोजण्याची कल्पना मांडली. पण ती यंत्रे महाग, तालुक्याच्या गावी सापडणार नाहीत. अमेरिकेतील शल्यविशारद फ्रँक नॉयस व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये साधी वाट दाखवली. ती म्हणजे आपली लंगडीच! एका पायावर उडी घ्यायची, त्याच पायावर उतरायचे, अंतर मोजायचे. चांगला पाय 120 सेंटिमीटर आणि दुखरा 102 गेला, तर प्रमाण 85 टक्के. तेवढे त्यांनी पुरेसे धरले. पुढे ही अट 90 वर गेली.

युक्ती छान आहे. उंची, वजन, वय यांचा हिशेबच नको, कारण दोन्ही पाय एकाच मुलाचे. मात्र त्यांच्याच अभ्यासात अस्थिबंध तुटलेले जवळपास निम्मे रुग्ण साध्या एका उडीत उत्तीर्ण झाले होते!

आणखी एक खोच आहे. सहा महिने खेळ बंद असला की चांगला पायही दुबळा होतो. तो 120 वरून 100 वर आला आणि दुखरा 92 गेला, तर निकाल 92 टक्के. जुन्या 120 शी ताडला तर जेमतेम 77. डेलावेअर विद्यापीठातील वेलसँड व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 70 खेळाडूंची अशीच तुलना केली. मांडीचा जोर आणि साऱ्या उड्या धरून, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी नेहमीच्या रीतीने 40 जण उत्तीर्ण झाले; चांगल्या पायाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापाशी ताडल्यावर फक्त 20. घाईही महाग पडते: नॉर्वेतील 2016 च्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके लांबले, तितकी पुन्हा इजा होण्याची शक्यता दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटली.

म्हणून आम्ही सुचवतो की जूनमध्येच, सगळे धडधाकट असताना, मैदानावर चुन्याची रेघ मारावी. प्रत्येकाच्या दोन्ही पायांच्या तीन-तीन उड्या टेपने मोजून वहीत लिहाव्यात. उतरल्यावर तोल गेला, तर ती उडी धरू नये. पुढे कुणाचा गुडघा दुखावलाच, तर ते पान डॉक्टरांकडे जाताना सोबत द्यावे.