उंबरठा ओलांडून आलेला कायदा

जुनी मराठी पुस्तके चाळताना शीर्षकपानाच्या आसपास एक ठरावीक मजकूर हमखास भेटतो. सन १८६७ च्या २५ व्या ॲक्टाप्रमाणे पुस्तक नोंदवून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेवले आहेत, अशा अर्थाचा. हा इशारा दुसऱ्या छापखानेवाल्यासाठी होता. पुस्तक विकत घेऊन घरी वाचणाऱ्याला त्यातून भिण्यासारखे काही नव्हते. त्याने पुस्तक शेजाऱ्याला दिले, आवडलेली पाने वहीत उतरवून घेतली, तरी त्याच्या दाराशी कोणी येणार नव्हते. आज मात्र वसतिगृहातल्या खोलीत बसून सिनेमाची फाइल उतरवणारा विद्यार्थी, त्याच्या नकळत, कायद्याच्या लेखी वितरक ठरू शकतो. छापखानेवाल्यावरची ही जोखीम वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यावर कशी आली, याचा मागोवा घ्यायचा तर आपल्याला पाचशे वर्षे मागे जावे लागेल.

व्हेनिसच्या सत्तेने १४६९ मध्ये योहान नावाच्या एका जर्मन मुद्रकाला शहरात छपाई करण्याचा पाच वर्षांचा मक्ता दिला. मक्ता आला की तो मोडणारा आलाच, आणि मोडणाऱ्याला दंडही आला. इंग्लंडात १५५७ मध्ये ग्रंथव्यावसायिकांच्या मंडळाला, म्हणजे स्टेशनर्स कंपनीला, राजसनद मिळाली. मुद्रक, बांधणीवाले, विक्रेते यांच्या घरांची आणि दुकानांची झडती घेण्याचा अधिकार तिच्या पदाधिकाऱ्यांना लाभला. पुढे १७१० चा ॲन राणीचा कायदा आला. हक्क प्रथमच लेखकाच्या नावे झाला आणि त्याला चौदा वर्षांची मुदत पडली. शिक्षा मोठी नेमकी होती : चोरून छापलेल्या पुस्तकाचे सगळे कागद निकामी करायचे आणि ताब्यात सापडलेल्या दर तावामागे एक पेनी दंड. त्यातला अर्धा सरकारचा, अर्धा फिर्याद करणाऱ्याचा. गुन्हा ताव मोजून ठरत होता आणि एवढे ताव छापखान्यातच सापडणार होते. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ मध्ये स्वामित्वहक्काचा पहिला कायदा केला, १९१४ मध्ये दुसरा आला आणि सध्याचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. या साऱ्या काळात कायद्याची नजर मुख्यतः यंत्राच्या मालकावर खिळलेली होती.

ती नजर पहिल्यांदा रस्त्यावर उतरली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, लंडनमध्ये. हा प्रसंग आता फारसा कोणाच्या स्मरणात नाही, पण आपल्या गोष्टीतला तो खरा पूर्वज आहे, म्हणून इथे थोडे थांबू. घरोघर पियानो आले होते आणि लोकप्रिय गाण्यांच्या स्वरलिपीचे छापील कागद शिलिंग-दीड शिलिंगाला विकले जात. फोटोवरून छपाई करण्याचे तंत्र स्वस्त झाल्यावर तेच कागद फेरीवाले दोन पेन्यांना विकू लागले. प्रकाशकांनी निवृत्त पोलीस नोकरीला ठेवून फेरीवाल्यांच्या टोपल्या उलथ्या करायला सुरुवात केली. १९०२ च्या कायद्याने रस्त्यावरचा माल जप्त करण्याची मुभा दिली, तेव्हा माल घरांत जाऊन दडला. फेरीवाला पकडला जाई, गठ्ठे मात्र कोणाच्या तरी माजघरात सुरक्षित राहत. १९०६ मध्ये या व्यापाराचा सूत्रधार कटाच्या आरोपाखाली नऊ महिन्यांसाठी तुरुंगात गेला. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने झडतीचे वॉरंट मिळण्याची सोय करून घराचे दार उघडले. तरीही दोन पेन्यांना तो कागद घेऊन पियानोवर वाजवणाऱ्या मुलीला कोणी हात लावला नाही.

ध्वनिफीत आणि व्हिडिओ आल्यावर घरातला माणूस स्वतःच नक्कल करू लागला. ब्रिटनच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने १९८१ मध्ये घरगुती कॅसेट भरण्याविरुद्ध मोठी मोहीम काढली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणे वैध ठरवले. आपल्याकडे त्याच वर्षी व्हिडिओ चोरीच्या धास्तीने कायदा कडक झाला. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड ही आजही लागू असलेली शिक्षा तेव्हाची. पण धाडी पडत त्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांवर. घरी बसून गाणी टेप करणारा निर्धास्त होता.

दिशा बदलली ती १९९४ मध्ये, बॉस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत. एका विद्यार्थ्याने संस्थेच्या यंत्रणेवर गुप्त ठिकाण उघडून तिथे सॉफ्टवेअरची फुकट देवघेव चालू केली. सरकारने खटला भरला, दहा लाख डॉलरहून अधिक नुकसानीचा आरोप ठेवला, पण त्याने एक सेंटही कमावला नव्हता आणि तेव्हाच्या कायद्यात नफ्यावाचून फौजदारी गुन्हा होत नव्हता. न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. त्याच निकालात त्यांनी संसदेला ही फट बुजवण्याची वाट दाखवली आणि १९९७ च्या डिसेंबरात ती बुजली. एका फाइलच्या बदल्यात दुसरी फाइल मिळण्याची अपेक्षाही आता नफा ठरली. शिवाय सहा महिन्यांत हजार डॉलरहून अधिक किमतीच्या प्रती वाटल्या, तर नफ्याचा प्रश्नही उरला नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. पैशाच्या मोहाने चोरणारा आणि मैत्रीखातर वाटणारा यांच्यातली रेघ इथे पुसली गेली.

दीड वर्षाने, जून १९९९ मध्ये, नॅप्स्टर आले. एकोणीस वर्षांच्या आत-बाहेरच्या एका मुलाने लिहिलेल्या या प्रोग्रामने जगभरच्या संगणकांतली गाणी एकमेकांना उघडी केली. मे २००० मध्ये मेटालिका या बँडच्या वतीने नॅप्स्टरच्या कचेरीत कागदांनी भरलेली खोकी येऊन पडली. त्यांत तीन लाख पस्तीस हजारांवर वापरकर्त्यांची नावे होती. ती टोपणनावे होती, खरी माणसे नव्हेत, पण यादी ऐकणाऱ्यांची होती, छापखान्यांची नव्हती. नॅप्स्टर २००१ मध्ये बंद पडले, त्याच्या जागी मध्यवर्ती कचेरी नसलेल्या यंत्रणा आल्या आणि खटला भरायला कंपनीच उरेना. मग ८ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांनी एकदम २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी बारा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले. मिनेसोटातल्या एका आईने लढायचे ठरवले. तिच्यावर चोवीस गाण्यांचा आरोप होता. २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलर भरपाई ठरवली, फेरसुनावणीत ती १९,२०,००० वर गेली, तिसऱ्या ज्यूरीने १५,००,००० म्हटले आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा पहिला आकडा कायम केला. म्हणजे दर गाण्यामागे ९,२५० डॉलर. दर तावामागच्या एका पेनीपासून आपण इथवर आलो. नुकसानीचा विचार न करता केवळ दहशतीसाठी ठरवलेला आकडा न्याय्य म्हणता येत नाही आणि त्याने फाइली थांबल्याही नाहीत. कंपन्यांनी २००८ च्या अखेरीस हे सरसकट दावे बंद केले.

माणूस सापडतो तरी कसा, हे जरा जवळून पाहू. २००१ मध्ये आलेल्या बिटटोरंटमध्ये एक फाइल शेकडो तुकड्यांत विभागलेली असते. आपल्याकडे आलेला तुकडा आपला संगणक त्याच क्षणी इतरांना पुरवू लागतो. घेणारा देणाराही होतो, म्हणूनच तो वितरक ठरतो. कोणाकडे कोणते तुकडे आहेत हे कळल्याशिवाय ही देवघेव चालत नाही, त्यामुळे प्रत्येकाचा आयपी पत्ता बाकी सर्वांना दिसतो. हक्कधारकाने नेमलेली कंपनी त्याच घोळक्यात सामील होते, पत्ता आणि वेळ टिपते, इंटरनेट कंपनीकडून न्यायालयामार्फत ग्राहकाचे नाव मागवते. मात्र पत्ता जोडणीचा असतो, माणसाचा नसतो. मोबाइल कंपन्या तर एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात, म्हणून अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक नसेल तर भलताच माणूस गोवला जाऊ शकतो. २०१६ मध्ये किकॅस टोरंट्स या संकेतस्थळाचा कथित चालक पोलंडमध्ये पकडला गेला, त्याचा माग तर एका सरळ खरेदीवरून निघाला. आयट्यून्सवर रीतसर पैसे मोजून केलेला व्यवहार आणि त्या संकेतस्थळाच्या फेसबुक पानावरचा प्रवेश एकाच दिवशी एकाच पत्त्यावरून झाले होते.

प्रत्येक देशाने ही जोखीम आपल्या स्वभावाप्रमाणे बेतली. फ्रान्सने २००९ मध्ये तीन इशाऱ्यांनंतर इंटरनेट तोडण्याचा कायदा केला आणि २०१३ मध्ये तोडण्याची शिक्षा मागे घेतली. जपानने २०१२ पासून नुसत्या डाउनलोडलाही दोन वर्षांपर्यंतची कैद ठेवली. जर्मनीत वकिलांच्या नोटिसा थेट घरी येतात आणि त्यांत शेकडो युरोंची मागणी असते. तिकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना आधी गेलेली मुले पहिल्याच आठवड्यात टोरंटपासून सावध करतात, ते याचमुळे.

महाराष्ट्राची वाट आणखी निराळी. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यात, ज्याला सारे एमपीडीए म्हणतात, २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सची भर पडली. खटल्याआधीच वर्षभरापर्यंत आत ठेवता येईल अशा माणसांच्या रांगेत सीडीवाला जाऊन बसला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निमित्ताने एक मोलाचा खुलासा झाला. रोखलेल्या संकेतस्थळांवर चित्रपट नुसता पाहणेही गुन्हा असल्याची सूचना झळकत होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पाहणे हा गुन्हा नाही हे स्पष्ट केले आणि सूचनेचा मजकूर बदलायला लावला. दुसऱ्याच वर्षी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा एक भाग प्रसारणाआधी फुटला, तेव्हा महाराष्ट्र सायबरने चौघांना अटक केली. ते या मालिकेच्या फाइलींची साठवण सांभाळणाऱ्या मुंबईतल्या कंपनीचे आजी-माजी कर्मचारी होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये १९५७ च्या कायद्याच्या कलम ६३ खालचा, म्हणजे हक्कभंगाचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. त्याच साली शिकवणी वर्गांच्या पुस्तकांवरून दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली आणि टोपणनावांमागचे फोन क्रमांक न्यायालयापुढे आले. २०२३ पासून चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याकडे घरोघर नोटिसा आलेल्या नाहीत, म्हणून मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर बिनधास्त फिरतात. हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात अशा भाषेत ही एक फाइल पुढची आवृत्ती निघू देत नाही, आणि मला अटकेच्या भीतीपेक्षा याची चिंता अधिक वाटते. ताडून पाहणे मुळीच अवघड नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीतच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून, टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची झाली आहे, ती हवी तितक्यांना पाठवा. पुलं २००० मध्ये गेले; त्यांची पुस्तके २०६० सरेपर्यंत विकत घ्या, नाहीतर ग्रंथालयातून आणा.