मुंबई गोदीतील वाडिया घराणे : कौशल्याचे मोल आणि त्याची पारख

जागतिक श्रमबाजारात कर्मचाऱ्याचे मोल त्याच्या कौशल्यावरून ठरते, असे व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सर्रास सांगितले जाते. हे विधान अपुरे आहे. ते कौशल्य कोणत्या तंत्राशी बांधलेले आहे आणि त्याची पारख कोण करतो, हे दोन्ही प्रश्न त्यात निसटतात. या दृष्टीने मुंबईच्या गोदीचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

सुरतेस जहाजबांधणीच्या कामावर देखरेख करणाऱ्या लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १७३६ मध्ये मुंबईस आणले. त्यांच्यासोबत काही सुतारही आले. पुढे दीड शतकाच्या आसपास गोदीतील जहाजबांधणीची सूत्रे याच घराण्याकडे राहिली. त्यांच्या हातातील कसबाला मलबारच्या सागवानाची जोड होती. इंग्लंडमधील ओकच्या जहाजांपेक्षा सागवानी जहाजे कितीतरी अधिक टिकत. जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली ब्रिटिश नौदलासाठी ‘मिंडेन’ (१८१०) आणि ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) ही जहाजे तयार झाली. इ. स. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. इ. स. १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ तर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. मुंबईच्या कारागिरीस याहून बोलके प्रशस्तिपत्र कोणते असणार? तथापि हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांविरुद्ध थेम्सकाठच्या जहाजबांधणी व्यावसायिकांनी लंडनमध्ये तक्रारी चालविल्याच होत्या. काम सरस ठरले की स्पर्धक गुणवत्तेऐवजी कायद्याचा आश्रय शोधतात, हे तेव्हाही खरे होते.

वाफेच्या इंजिनाने व पुढे लोखंडाने हे सारे गणितच बदलले. सागवानाची जाण पूर्वीइतकीच सखोल होती, पण तिची मागणी ओसरू लागली. याची चाहूल घराण्यातील तरुण पिढीस वेळीच लागली. जहांगीर नौरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे चुलतभाऊ इ. स. १८३८ मध्ये जहाजबांधणीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. अर्देशीर खरशेटजी यांनी त्याआधीच स्वतः एक लहान इंजिन बनविले होते आणि इ. स. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते. इ. स. १८३९ मध्ये तेही इंग्लंडला गेले. इ. स. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांची फेलो म्हणून निवड केली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे, श्रीनिवास रामानुजन, यांच्यासाठी इ. स. १९१८ उजाडावे लागले.

त्याच वर्षी कंपनीच्या मुंबईतील स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता म्हणून अर्देशीर यांची नेमणूक झाली आणि युरोपीय कामगार त्यांच्या हाताखाली आले. ‘बॉम्बे टाइम्स’ने या नेमणुकीवर टीका केली. एतद्देशीय मनुष्य कितीही शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांवर हुकमत चालवू शकेल काय, अशी त्या पत्राची शंका होती. म्हणजे शंका कौशल्याविषयी नव्हती, वंशाविषयी होती! कंपनीने मात्र नेमणूक कायम ठेवली, कारण आगबोटी चालवावयाच्या होत्या. इ. स. १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट मुंबईतच तयार झाली.

अर्देशीर यांच्यापाशी घराण्याचे नाव, इंग्रजी भाषा आणि विलायतेच्या प्रवासाचे सामर्थ्य होते. गोदीत रंधा चालविणाऱ्या सुतारांपाशी यांपैकी काहीच नव्हते. फळ्यांचे सांधे बेमालूम जुळविणारे हात त्यांचेच होते. पण इंजिनाची विद्या शिकण्यासाठी त्यांना समुद्रापार पाठविणारे कोणी नव्हते.