लांब पल्ल्याची वाट

१९३६ सालच्या डिसेंबर महिन्यांत खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें सभेचें हें पहिलेंच अधिवेशन. सभेचा जन्म १८८५ सालीं मुंबईंत झाला होता. म्हणून मुंबईंत एक ज्योत पेटवून ती धांवत फैजपुरास आणावी, अशी योजना झाली. एकानें आपला टप्पा धांवून काढावा आणि पुढें वाट पाहत उभ्या असलेल्या गड्याच्या हातीं ज्योत द्यावी, अशा रीतीनें चारशें किलोमीटरांहून अधिक वाट ओलांडून ती तापीपलीकडे पोंचली. त्याच वर्षीं, कांहीं महिने आधीं, ग्रीसमधील ऑलिंपियाहून बर्लिनपर्यंत ऑलिंपिक ज्योत प्रथमच अशी हातोहात नेण्यांत आली होती. त्या कामीं तीन हजारांहून अधिक माणसें धांवलीं होतीं.

ह्या दोन्ही धांवांत जिंकणें-हरणें नव्हतें. आपला टप्पा संपतांच ज्योत घेणारा हात समोर असेल, ही खात्री प्रत्येकास होती. स्पर्धेंतील धांवपटूस मात्र अशी खात्री क्वचितच असते. शर्यतीचे दोन-अडीच तास तर त्याचे एकट्याचे असतातच. परंतु शर्यतीच्या आधींची आणि नंतरची जी वाट, म्हणजे घरापासून मैदानापर्यंतचा प्रवास, परक्या मुलखांतील अन्न, न सोसणारी हवा आणि ह्या सर्वांस लागणारा पैसा, तीही पुष्कळदां त्यास एकट्यानेंच तुडवावी लागते. प्रेक्षकांस शेवटची रेषा दिसते. ही मागची वाट दिसत नाहीं.

उत्तर युरोपांतील नॉर्वे, स्वीडन व फिनलंड ह्या देशांत हिवाळ्यांत रानेंवनें बर्फानें झांकून जातात. तेथील लोक पायांस लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात. त्यांस स्की म्हणतात. ह्या पट्ट्यांवरून दहा-वीस, क्वचित् पन्नास किलोमीटरांच्या शर्यती होतात. त्या खेळणारा मनुष्य हिवाळाभर गांवोगांव आणि देशोदेशीं हिंडत असतो. सामान स्वतः वाहावें, रोजचें बर्फ पाहून पट्ट्यांस मेण लावावें, आज एका डोंगरांत तर आठवड्यानें दुसऱ्या देशांत उतरावें, असा त्याचा क्रम. वैशाखांत जेथें पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो, त्या जळगांव-धुळ्याच्या रहिवाशांस हें चित्र दूरचें वाटेल. परंतु बर्फ बाजूस ठेविलें, तर ह्याच जातीचें आयुष्य कंठलेलीं माणसें मराठी मुलखांतही होऊन गेलीं आहेत. त्यांतील पहिल्या तुकडीची हकीकत शंभर वर्षांपूर्वींची आहे.

पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालीं निघाली. १९१९ सालीं तिच्या क्रीडास्पर्धा झाल्या, त्या वेळीं अध्यक्षस्थानीं सर दोराबजी टाटा होते. शेतांत राबणारीं, जाडेंभरडें खाणारीं, युरोपीय नियमांची गंधवार्ता नसलेलीं शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धांवत होतीं. आणि तरीही लांबच्या शर्यतींतील त्यांची वेळ युरोपांतील वेळेच्या पंक्तीस बसण्याजोगी होती. हें दोराबजींनीं ताडलें. युद्धामुळें १९१६ ची ऑलिंपिक स्पर्धा झालीच नव्हती. पुढची १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं भरावयाची होती. हीं मुलें तेथें कां जाऊं नयेत, असा विचार त्यांच्या मनांत आला, आणि तो त्यांनीं तडीस नेला.

त्या काळीं ह्या विषयाचें अज्ञान केवढें होतें, ह्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शंभर मीटर धांवण्यास किती वेळ लागला तर स्पर्धेंत उतरतां येईल, असा प्रश्न निघाला असतां, एक-दोन मिनिटें लागत असावींत, असा अंदाज जिमखान्याच्या एका सभासदानें केला म्हणतात. तेथें मिनिटांचा हिशेब नसून सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या अंशाचा असतो, हें कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले. अशा स्थितींतून सहा जणांचा संघ उभा राहिला. बेळगांवचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याकडील सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी आणि बंगालचे पूर्णचंद्र बॅनर्जी हे चार धांवणारे. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल. खर्चासाठीं सरकारानें कांहीं रक्कम दिली, कांहीं लोकांकडून जमली, आणि दोराबजींनीं स्वतःच्या खिशांतून मोठा भार उचलला.

१९२० च्या उन्हाळ्यांत ही मंडळी मुंबईहून आगबोटीनें निघाली. ज्याचे पाय रोज शेताच्या बांधावरून धांवण्यास सरावलेले, त्यानें कित्येक दिवस डुलत्या फळ्यांवर काढावयाचे, ही पहिली अडचण. इंग्लंडांत उतरल्यावर कांहीं आठवडे लंडनमध्यें सराव झाला. येथेंच त्यांस प्रथम आंखलेली मातीची वर्तुळाकार धांवपट्टी, बंदुकीच्या आवाजासरशी सुटणें, आणि घड्याळ पाहून वेग राखणें ह्या गोष्टींचा परिचय झाला. मग समुद्राची एक लहान पट्टी ओलांडून बेल्जम. महायुद्ध संपून दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. देश उद्ध्वस्त झालेला, शहरांत सर्व गोष्टींची टंचाई. अनेक राष्ट्रांच्या खेळाडूंची सोय शाळांच्या इमारतींत खाटा टाकून केलेली होती.

मॅरॅथॉनची शर्यत २२ ऑगस्ट रोजीं झाली. हवा थंड होती व पाऊस पडत होता. आजकाल ही शर्यत ४२.१९५ किलोमीटरांची असते. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा, म्हणजे ऑलिंपिकच्या आजवरच्या सर्व मॅरॅथॉन मार्गांत लांब होता. फिनलंडचा हानेस कोलेह्माइनेन २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला. कैक वर्षें अमेरिकेंत गवंडीकाम करून पोट भरणारा हा मनुष्य होता, आणि त्याचा भाऊ टाटू ह्याच शर्यतींत दहावा आला. फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत पोंचले आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला.

एकोणिसावा म्हटलें कीं ऐकणारा पुढें विचारीत नाहीं. पण हिशेब करून पाहावा. पावणेत्रेचाळीस किलोमीटर अंतर त्या वेळांत काढावयाचें, तर प्रत्येक किलोमीटरास चार मिनिटें पडतात. आणि असे बेचाळीस किलोमीटर एकामागून एक, पावसांत, थंडींत, परक्या रस्त्यावर. धडधाकट मनुष्यानें ह्या वेगानें एक किलोमीटर धांवून पाहिला, तरी चौगुल्यांची थोरवी त्याच्या छातींत धडधडूं लागेल. कोलेह्माइनेनच्या पाठीशीं लांब पल्ल्याच्या खेळाची एका सबंध राष्ट्राची परंपरा होती, भाऊ सोबतीस होता, आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकचीं सुवर्णपदकें गांठीशीं होतीं. चौगुल्यांच्या गांठीशीं एका जिमखान्याच्या स्पर्धा आणि कांहीं आठवड्यांचा सराव. हें लक्षांत घेतलें म्हणजे दोघांमधील अठरा मिनिटें फार वाटत नाहींत. त्याच स्पर्धेंत रणधीर शिंदे कुस्तीच्या एका हलक्या गटांत चौथे आले. पदक एका पायरीवरून हुकलें.

ह्या सहा जणांच्या वाटेचा पुढें एक मोठा लाभ झाला. १९२४ सालीं दिल्लीस अखिल भारतीय स्पर्धा झाल्या, आणि १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन होऊन दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे खेळाडू आधीं गेले आणि त्यांस पाठविणारी संस्था मागाहून आली. पुढें १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आला. वऱ्हाड हा तर खानदेशाचा शेजार.

तथापि संस्था निघाल्यानें खेळाडूची वाट सुकर झाली, असें मात्र झालें नाहीं. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनें. जन्मभर तांबड्या मातींत खेळलेल्या ह्या मल्लास तेथें गादीवर कुस्ती करावी लागली. तरी ते सहावे आले. चार वर्षांनीं हेलसिंकीस जावयाचें ठरलें, तेव्हां पुन्हां पैशाचा प्रश्न उभा राहिला. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकानें विद्यार्थ्यासाठीं केलेली ही गोष्ट महाराष्ट्रानें विसरूं नये.

हेलसिंकीस खाशाबांना कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु त्या दिवसाची आणखी एक बाजू सांगतात. जपानच्या इशीशीं झालेल्या लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांस लागलीच पुढच्या कुस्तीस उभें करण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्धा तास विश्रांति मिळावी, असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढें मांडण्यास भारताचा एकही अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता. हजारों मैलांवर, परक्या भाषेंत, थकलेला मल्ल स्वतःची बाजू कशी मांडणार? खेळाडूस लागणारी सोबत म्हणजे केवळ आगबोटीचें तिकीट नव्हे, हें ह्यावरून स्पष्ट होतें.

परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून कऱ्हाडकरांनीं त्यांचें स्वागत केलें. तें प्रेम खरेंच होतें. तरीही एक विचार मनास चाटून जातो. त्या बैलगाड्या जुंपणाऱ्या हातांसारखे कित्येक हात निघण्यापूर्वीं पुढें आले असते, तर एका प्राचार्यास आपल्या घराचीं कागदपत्रें गहाण ठेवावीं लागलीं असतीं काय?

अलीकडच्या काळांत लांब पल्ल्याच्या धांवण्यांत मराठी नांवें पुन्हां झळकलीं आहेत. खानदेशास लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत अनवाणी धांवत मोठी झाली. नाशकास तिला प्रशिक्षक लाभले, आणि २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटरांत कांस्य व त्याच वर्षीं ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक तिनें मिळविलें. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचा अविनाश साबळे लहानपणीं रोज सहा किलोमीटर शाळेस जात असे, कधीं चालत, कधीं धांवत. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्यें दाखल झाला आणि सियाचीनच्या बर्फांत राहून आला. नंतर राजस्थानचें वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगरही त्यानें पाहिले. २०१५ सालीं सैन्याच्या आंतर्गत रानधांवेच्या शर्यतींत तो प्रथम उतरला, आणि सात वर्षांनीं, २०२२ मध्यें, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत धांवून त्यानें रौप्यपदक जिंकलें. २०२३ सालीं आशियाई सुवर्णपदकही त्याचें झालें.

साबळ्याच्या मागें सैन्य होतें. राहण्यास बराक, पोटभर अन्न, सरावाला वेळ, पाहणारा शिक्षक आणि निश्चित पगार ह्या पांच गोष्टी त्यास मिळाल्या. भारताकडून हिवाळी ऑलिंपिकमध्यें बर्फावर लांब पल्ल्याच्या स्की-शर्यती धांवलेल्या मोजक्या तरुणांतही सैन्यांतले गडी आढळतात, तें ह्याच कारणानें. चौगुल्यांच्या वेळीं ह्या पांचांपैकीं एक-दोन गोष्टी एका धनिकाच्या औदार्यावर अवलंबून होत्या, आणि जाधवांच्या वेळीं एका शिक्षकाच्या घरावर. पाय तिघांचेही बळकट होते. वाट मात्र ज्याला जशी मिळाली, तसा तो पुढें गेला.

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापी, गिरणा आणि पांझरेच्या कांठीं आजही कोसभर चालून शाळेस जाणारीं मुलें आहेत. त्यांतल्या एखाद्याचे पाय इतरांहून निराळे पडतात, हें प्रथम कोणास दिसतें? दोराबजींस तें दिसलें, कारण ते मैदानावर हजर होते आणि हातांत घड्याळ असल्याप्रमाणें पाहत होते. तें मूल खेड्यांतल्या शिक्षकास दिसावें, त्यानें तें तालुक्याच्या शिक्षकास दाखवावें, तालुक्यानें जिल्ह्यास. आणि दर टप्प्यावर सुशिक्षित कुटुंबांपैकीं कोणीतरी त्याच्या बुटांचा, दुधाचा किंवा आगगाडीच्या भाड्याचा भार उचलावा. ह्यांतील एकही काम फार खर्चाचें नाहीं. मिरवणुकीला लागणाऱ्या हारांहून तर खचितच नाहीं.